किनाऱ्याच्या नकाशाला मुदत हवी

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात भारताच्या किनाऱ्याची लांबी ११,०९८ किलोमीटर नोंदवली गेली. त्याआधीची कित्येक दशके शालेय पुस्तकांपासून सरकारी कागदपत्रांपर्यंत सगळीकडे ७,५१६ किलोमीटर हा आकडा चालत आला होता. मधल्या काळात साडेतीन हजार किलोमीटरचा नवा किनारा समुद्रातून वर आलेला नाही. जुनी मोजणी फार लहान प्रमाणाच्या नकाशावर झाली होती आणि तिच्यात लहानसहान खाड्या व वळणे सरळ रेषेत विरून गेली होती. नवी मोजणी १:२,५०,००० प्रमाणाच्या नौकानयन नकाशांवर झाली, तेव्हा त्यांतली बरीच वळणे पुन्हा हिशेबात आली. याहून मोठ्या प्रमाणाचा नकाशा घेतला तर आकडा आणखी वाढेल. किनाऱ्याची लांबी मोजपट्टीच्या लांबीवर अवलंबून असते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे आणि भूगोलाच्या अभ्यासकांना त्यात आता नवल वाटत नाही.

लांबीच्या आकड्यावरून कुणाचे घर पडत नाही की कुणाची जमीन पडीक ठरत नाही. मात्र ज्या प्रकारच्या निवडींमुळे हा आकडा बदलतो, त्याच प्रकारच्या निवडी करून सरकारे किनाऱ्यावर रेषाही आखतात आणि त्या रेषांना कायद्याचे बळ देतात. रेषेच्या या बाजूला बांधकामास बंदी, त्या बाजूला परवानगी. या बाजूला पुराचा विमा सक्तीचा, त्या बाजूला ऐच्छिक. इथपर्यंत शासन बंधारा राखील, त्यापुढे राखणार नाही. आज जगातील जवळजवळ प्रत्येक किनारी देशात अशा रेषा उपग्रह चित्रे, विमानातून केलेले लेसर मापन, भरती-ओहोटीच्या नोंदी आणि जमिनीवरची मोजणी यांच्या आधारे आखल्या जातात, आणि संगणकाच्या पडद्यावर त्या इतक्या बारीक व ठाम दिसतात की त्यांच्यामागे कुणी काही ठरवले असेल अशी शंकाही पाहणाऱ्याला येत नाही. सरकारांनी नकाशांचा वापर कमी करावा असे मला म्हणायचे नाही. तो वाढायला हवा. माझा आग्रह एवढाच आहे की नागरिकावर बंधनकारक होणाऱ्या प्रत्येक किनारी रेषेसोबत ती कोणत्या तारखेच्या मोजणीवर उभी आहे, तिच्यात किती चूक संभवते आणि ती कोणत्या दिवशी बाद होईल, या तीन गोष्टी कायद्यानेच लिहिलेल्या असाव्यात. आणि तो दिवस उलटल्यावर नव्याने मोजणी झाल्याशिवाय त्या रेषेच्या आधारे कुणाला कसली परवानगी देता येऊ नये.

हा आग्रह समजून घ्यायचा तर आधी रेषा कशी तयार होते ते पाहिले पाहिजे. समुद्र आणि जमीन यांची सीमा दिवसातून अनेकदा सरकत असते, म्हणून कायदा कोणत्या तरी एका क्षणाच्या किंवा सरासरीच्या पाण्याला प्रमाण मानतो. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्ये बोरॅक्स कन्सॉलिडेटेड खटल्यात भरतीच्या उंचीची दीर्घकालीन सरासरी ग्राह्य धरली. चंद्राच्या कक्षेचे प्रतल सावकाश फिरत असते आणि त्याचे एक आवर्तन सुमारे १८.६ वर्षांत पुरे होते, म्हणून तिथे १९ वर्षांच्या नोंदींची सरासरी काढतात, आणि सध्या वापरात असलेली सरासरी १९८३ ते २००१ या काळाची आहे. भारतातील किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने सरासरी न घेता उधाणाच्या वेळी पाणी जमिनीवर जिथपर्यंत चढते ती उच्चतम भरतीरेषा घेतली. हवाईमध्ये तर लाटांचा फेस वर्षातील सर्वांत उसळत्या ऋतूत जिथपर्यंत पोहोचतो ती जागा किनारारेषा ठरते. तिन्ही व्याख्या आपापल्या जागी समंजस आहेत, पण एकाच पुळणीवर त्या लावल्या तर तीन वेगळ्या रेषा मिळतील आणि त्यांच्यामधले अंतर कित्येक मीटरचे असू शकेल. यांतली कोणती घ्यायची हे कोणतेही उपकरण सांगत नाही. ते कायदा करणाऱ्याने ठरवायचे असते.

व्याख्या ठरल्यावर उंचीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या साऱ्या विषयात सर्वांत कमी चर्चा याच प्रश्नाची होते. विमानातून केलेल्या चांगल्या लेसर मापनात उंचीची चूक साधारण दहा-पंधरा सेंटिमीटरची राहते, आणि ही अचूकता खरोखर कौतुकास्पद आहे. परंतु किनारा सपाट असतो. शंभर मीटर चालल्यावर एक मीटर चढ लागावा इतका मंद उतार असेल, तर उंचीतली पंधरा सेंटिमीटरची चूक नकाशावर पंधरा मीटर आडवी सरकते. एखाद्या गावाची किनाऱ्यालगतची घरांची ओळ तेवढ्यात आत किंवा बाहेर जाऊ शकते. जिथे लेसर मापन झालेले नाही तिथे परिस्थिती याहून बिकट आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानातून रडारने जगाच्या मोठ्या भागाची उंची मोजली गेली आणि पुढची कित्येक वर्षे अनेक देशांचे किनारी अंदाज त्याच आकड्यांवर चालले. मात्र ते रडार दाट झाडीत व वस्तीत जमिनीपर्यंत नीट पोहोचत नाही, झाडांचे शेंडे आणि घरांची छपरेही उंचीत धरते. २०१९ मध्ये दोन संशोधकांनी ही चूक दुरुस्त करून नवा हिशेब मांडला, तेव्हा २०५० पर्यंत वर्षातून सरासरी एकदा येणाऱ्या किनारी पुराच्या पातळीखाली जाऊ शकणाऱ्या जमिनीवर राहणाऱ्यांची संख्या जुन्या आकड्यांनुसार जेमतेम आठ कोटी होती, ती तीस कोटींच्या घरात गेली. समुद्रात काहीही बदल झाला नव्हता, बदलली होती ती फक्त जमिनीची उंची, तीही कागदावर. या काळात जुन्या आकड्यांवर विसंबून ज्यांनी वसाहती आखल्या असतील, त्यांना आपला नकाशा छपरांच्या उंचीवर उभा आहे हे कुणी सांगितले असण्याची शक्यता कमीच आहे.

उंची कोणत्या शून्यापासून मोजायची हाही वाद आहेच. जमिनीचे नकाशे साधारणपणे सरासरी समुद्रसपाटीपासून उंची मोजतात; जहाजांसाठीचे नकाशे सुरक्षिततेसाठी नीचतम ओहोटीच्या जवळचे शून्य धरतात, म्हणजे तिथे लिहिलेल्या खोलीपेक्षा प्रत्यक्षात पाणी सहसा जास्तच मिळते. किनारा नेमका या दोन शून्यांच्या मध्ये पडतो, आणि दोन खात्यांचे नकाशे नीट न जुळवता एकमेकांवर ठेवले तर भरतीच्या पट्ट्यात एक-दोन मीटरचा गोंधळ सहज होतो. (शून्यांच्या या भानगडीचे सर्वांत बोलके उदाहरण समुद्रापासून दूर घडले. २००३ मध्ये जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या दरम्यान लाउफेनबुर्ग इथे पूल बांधताना दोन्ही देशांच्या समुद्रसपाटीतला २७ सेंटिमीटरचा फरक सर्वांना ठाऊक होता, तो दुरुस्तही केला गेला, पण उलट्या दिशेने. परिणामी पुलाच्या दोन टोकांत ५४ सेंटिमीटरचे अंतर पडले.) किनाऱ्यालगतचे उथळ पाणी तर अनेक देशांच्या नकाशांवर जवळजवळ कोरेच आहे, कारण मोजणीची जहाजे इतक्या उथळ जागी येऊ शकत नाहीत आणि गढूळ पाण्यातून विमानातले लेसर किरण तळापर्यंत पोहोचत नाहीत. लाटांचा जोर कुठे मोडेल आणि वाळू कुठे जाईल हे ठरवणारा पट्टा मात्र हाच असतो.

इतक्या निवडी आणि इतक्या चुका पोटात घेऊन आखलेली रेषा पुढे वर्षानुवर्षे तशीच वापरली जाते, ही खरी अडचण आहे. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह चित्रांचा अभ्यास करून भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के भाग झिजत असल्याचे, २६.९ टक्के भाग भरत असल्याचे आणि उरलेला स्थिर असल्याचे सांगितले. म्हणजे अर्ध्याहून अधिक किनाऱ्यावर तीन दशकांपूर्वीची रेषा आज चुकीच्या जागी आहे. त्यात माणसाचा हातही मोठा आहे. बंदराचा धक्का समुद्रात पुढे काढला की किनाऱ्याला समांतर वाहत जाणारी वाळू एका बाजूला साठते आणि दुसऱ्या बाजूची पुळण उपाशी राहून झिजू लागते. पुष्कळदा एका खात्याने बांधलेला धक्का दुसऱ्या खात्याच्या नकाशाला खोटे पाडतो आणि त्याची नोंद तिसऱ्याच खात्याकडे असते.

भारताचा अनुभव या बाबतीत शिकण्यासारखा आहे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली आणि तिने भरतीरेषेपासून जमिनीकडचा ५०० मीटरचा पट्टा नियमनाखाली आणला. या पट्ट्याचे व्यवस्थापन आराखडे राज्यांनी करायचे होते. ते वेळेत झाले नाहीत आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी आदेश द्यावा लागला. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या, तेव्हा आराखडेही नव्याने करायचे ठरले. म्हणजे नकाशा बदलण्याचे कारण नियम बदलला हे होते, किनारा सरकला हे नव्हते. २०११ च्या अधिसूचनेत एक चांगली कल्पना होती. भरती, लाटा, समुद्रपातळीतील वाढ आणि किनाऱ्याची झीज हे सारे धरून एक धोकारेषा आखायची, अर्थात किनारा पुढे कुठे जाईल याचा अंदाज नियमनातच गुंफायचा. ही रेषा भारतीय सर्वेक्षण विभागाकडून आखून घेण्यात आली. परंतु २०१९ च्या अधिसूचनेने तिला आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनाचे साधन म्हणून ठेवले. बांधकामाची परवानगी ठरवताना तिचे बंधन राहिले नाही. त्याच अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक राहतात अशा ठिकाणी, बांधकामाला मज्जाव असलेला पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखे काही आहे. दाट गावांतल्या लोकांना घर दुरुस्त करण्यासाठीही अडवले जात होते. पण पट्टा ५० मीटरचा होतो तेव्हा वर सांगितलेली पंधरा मीटरची चूक त्याच्या जवळजवळ एक-तृतीयांश असते. पट्टा जितका अरुंद, तितकी मोजणी ताजी आणि बारीक हवी. आपण पट्टा अरुंद केला, पण मोजणीची तारीख आणि चुकीची मर्यादा यांबाबत तेवढेच कडक बंधन घालून घेतले नाही.

रेषेच्या चुकीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय पूरविमा योजना १९६८ पासून आहे आणि तिच्या नकाशांनुसार एखादे घर धोक्याच्या क्षेत्रात येते की नाही हे ठरते. घरमालकाला तो निर्णय मान्य नसेल तर परवानाधारक भूमापकाकडून उंचीची मोजणी करून घेऊन तो नकाशात दुरुस्ती मागू शकतो. सोय चांगली आहे, पण तिचा उपयोग कोण करतो? ज्याला भूमापक परवडतो आणि अर्ज कसा करायचा हे माहीत असते तो. त्यातून दुरुस्तीही एकाच दिशेने होत राहते, कारण आपले घर धोक्याच्या क्षेत्राबाहेर काढा असा अर्ज पुष्कळ जण करतात, आपले घर धोक्याच्या क्षेत्रात घ्या असा अर्ज कुणी कशाला करील? हळूहळू नकाशा धोक्याच्या खऱ्या चित्रापासून दूर आणि अर्जदारांच्या सोयीच्या जवळ सरकतो.

दुसऱ्या टोकाला अशी माणसे आहेत जी नकाशावर दिसतच नाहीत. उपग्रहाच्या चित्रात मोकळी पुळण मोकळीच दिसते. तिथे होड्या ओढून ठेवतात, जाळी पसरतात, मासळी सुकवतात आणि यासाठी कोणती जागा कुणी कधी वापरायची याचे पिढ्यानपिढ्यांचे संकेत असतात, हे त्यातून कळत नाही. शिवाय ही वापरातली जागा मोसमी असते. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या जातात तेव्हा ती वाढते, एरवी आक्रसते, आणि नेमक्या निरभ्र महिन्यांत घेतलेल्या चित्रात ती सर्वांत रिकामी दिसण्याची शक्यता असते. २०११ च्या भारतीय अधिसूचनेने मच्छीमारांच्या वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, मासळी सुकवण्याचे ओटे हे सर्व मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर दाखवण्याची तरतूद केली होती. हे योग्यच होते. पण असे तपशील वरून टिपता येत नाहीत, त्यासाठी गावात जाऊन विचारावे लागते, आणि नकाशा मुदतीत पुरा करण्याची घाई असते तेव्हा सर्वांत आधी हेच काम मागे पडते. नकाशावर जी जागा रिकामी, ती पुढे एखाद्या प्रकल्पाच्या प्रस्तावातही रिकामीच राहते. नकाशाविरुद्ध हरकत नोंदवण्याची संधी असते हे खरे, पण हरकत नोंदवायची तर प्रमाण, स्तर आणि निर्देशांक समजावे लागतात. म्हणून हरकतीच्या काळात नकाशा गावात नेऊन, जागेवर खुंटी ठोकून, भरतीच्या वेळी लोकांसमोर रेषा दाखवण्याचे बंधन यंत्रणेवर असावे असे मला वाटते. हे काम खर्चिक आहे आणि त्याला वेळही लागतो. पण ज्याच्या जागेवर रेषा पडते त्याने ती फक्त कार्यालयातल्या भिंतीवर पाहावी, हे मला पटत नाही.

आता मुदतीच्या कल्पनेवरच्या आक्षेपांकडे वळतो, कारण ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की कायद्याला स्थैर्य लागते. घर बांधणारा, कर्ज देणारी बँक, विमा कंपनी या सर्वांना उद्याही तीच रेषा राहील हा भरवसा हवा असतो, आणि दर काही वर्षांनी रेषा हलणार असेल तर किनाऱ्यावरची प्रत्येक मालमत्ता टांगणीला लागेल. न्यूझीलंडमधील कापिटी किनाऱ्यावर जे घडले ते या आक्षेपाच्या बाजूने हमखास सांगितले जाते. तिथल्या जिल्हा परिषदेने २०१२ मध्ये पुढील ५० आणि १०० वर्षांत किनारा कुठपर्यंत झिजेल याच्या रेषा आखून सुमारे १,८०० मालमत्तांच्या सरकारी माहितीपत्रकांवर त्या नोंदवल्या. घरमालकांनी आरडाओरड केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि २०१४ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञ समितीने त्या रेषा नियमनात घेण्याइतक्या भक्कम नाहीत असा निष्कर्ष काढला. शेवटी परिषदेला त्या काढून टाकाव्या लागल्या. वेल्समधील फेअरबोर्न या समुद्रकाठच्या गावाबाबत किनारा व्यवस्थापन आराखड्याने काही दशकांनंतर संरक्षण सोडून देण्याचे धोरण सुचवले, आणि ती बातमी पसरताच घरांच्या किमती कोसळल्या, कर्ज मिळणे अवघड झाले. समुद्र यायच्या कितीतरी आधी नकाशाने गावाचे नुकसान केले, असे म्हणणाऱ्यांना सरसकट चूक ठरवता येणार नाही.

मी या दोन्ही घटनांमधून उलटा धडा घेतो. कापिटीच्या रेषांवर आक्षेप आला तो मुख्यतः त्या फार सावध गृहीतकांवर बेतलेल्या असूनही शक्यतेचा उल्लेख न करता घराघरावर ठाम रेषा म्हणून उतरल्या यामुळे. पन्नास वर्षांनंतरचा अंदाज आजच्या मोजणीसारखा काढून दाखवला की लोक एक तर घाबरतात किंवा चिडतात, आणि दोन्हींत पुरेसे कारण असते. रेषेऐवजी पट्टा दाखवला असता, त्याच्या कोणत्या भागात झीज पोहोचण्याची शक्यता किती हे सांगितले असते, आणि अमुक वर्षांनी पुन्हा मोजू असे लिहून दिले असते, तर तोच अभ्यास टिकण्याची शक्यता बरीच अधिक होती. अनिश्चितता लपवून विकत घेतलेले स्थैर्य न्यायालयाच्या पहिल्या पायरीवर मोडते.

दुसरा आक्षेप राजकीय आहे: पुन्हा मोजणीची सक्ती केली तर सत्ताधारी प्रत्येक वेळी रेषा आपल्या सोयीने हलवतील. ही भीती खरी आहे, पण सध्याची पद्धतही त्यापासून मुक्त नाही. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात तज्ज्ञांच्या समितीने २०१० मध्ये शतकाअखेरपर्यंत समुद्रपातळी सुमारे एक मीटर वाढेल असे धरून नियोजन करावे असा सल्ला दिला. किनाऱ्यावर जमिनी असणाऱ्यांचा विरोध झाला आणि २०१२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून नियमनासाठी समुद्रपातळी वाढीचा दर निश्चित करायलाच २०१६ पर्यंत मज्जाव केला. जगभर त्याची चेष्टा झाली. पण मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. त्याच राज्यात समुद्राकडील घरांसाठी मागे सोडायचे अंतर किनाऱ्याच्या वार्षिक झिजेच्या दरावरून ठरते. लहान घराला स्थिर वनस्पतींच्या पहिल्या रेषेपासून त्या दराच्या तीसपट अंतर सोडावे लागते, आणि झिजेचे दर काही वर्षांनी नव्याने काढले जातात. हा नियम बराच कमी गाजावाजा होऊन चालत राहिला, कारण तो दूरच्या भविष्याचा दावा करत नाही. तो मोजलेल्या झिजेशी बांधलेला आहे आणि मोजणी ठराविक काळाने होते. भविष्याच्या अंदाजावर विधिमंडळ बंदी घालू शकले, पण नियमित मोजणीची सवय लागलेली असली की तिला हात लावणे अवघड जाते.

मुदत घातलेली रेषा ही केवळ कल्पना नाही. हवाईच्या कायद्यानुसार किनारारेषेचे सरकारी प्रमाणपत्र बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ वैध राहत नाही. भिंत किंवा बंधाऱ्याने रेषा पक्की झालेली असेल तर तेवढा अपवाद. बांधकामाची परवानगी हवी असेल तर ताजी मोजणी आणा, असा साधा हिशेब आहे. तिथेही लोकांनी पळवाटा शोधल्या. लाटांची मर्यादा झाडोऱ्याच्या कडेवरून ओळखली जात असल्याने काही मालमत्तांसमोर मुद्दाम झाडे लावून, त्यांना पाणी घालून रेषा समुद्राकडे ढकलण्याचे प्रकार झाले, आणि २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला अशी लावलेली झाडी ग्राह्य धरता येणार नाही असे सांगावे लागले. तरीही बारा महिन्यांच्या मुदतीमुळे लबाडी फार तर एका वर्षापुरती टिकते.

नेदरलँड्सने हा प्रश्न वेगळ्या दिशेने सोडवला आहे आणि मला तो मार्ग अधिक परिपक्व वाटतो. त्या देशात १९६५ पासून दरवर्षी साऱ्या वाळूच्या किनाऱ्याचे ठराविक अंतरांवर छेद घेऊन, पाण्याखालच्या उतारासह, मोजमाप केले जाते. १९९० मध्ये त्यांनी आधीच्या दशकातील मोजणीच्या कलावरून एक आधारभूत किनारारेषा ठरवली आणि धोरण आखले की किनारा तिच्या मागे जाऊ द्यायचा नाही. दरवर्षीची मोजणी या रेषेशी ताडून पाहतात, निष्कर्ष प्रसिद्ध होतात, आणि किनारा मागे सरकत असेल तिथे समुद्रातून वाळू उपसून भर घातली जाते; २००१ पासून वर्षाला सरासरी सुमारे १.२ कोटी घनमीटर वाळू यासाठी लागते. इथे रेषा जवळजवळ स्थिर आहे, पण ती स्थिर ठेवण्याची किंमत दरवर्षी मोजली आणि भरली जाते. स्थैर्य हवे असणाऱ्यांना माझे हेच सांगणे आहे. रेषा जागेवर ठेवायची असेल तर किनाराही जागेवर ठेवण्याचा खर्च अंदाजपत्रकात दाखवा. तो करायचा नसेल तर रेषेला हलू द्या. किनारा हलतो, रेषा हलत नाही आणि खर्चही कुणी करत नाही, ही तिसरी स्थिती बहुतेक देशांत आहे आणि तिची किंमत पाण्याजवळ राहणारे चुकवतात. अर्थात वाळू उपसून किनारा राखणे प्रत्येक देशाला परवडणार नाही आणि प्रत्येक किनाऱ्याला ते मानवणारही नाही. खडकाळ किंवा चिखलाच्या किनाऱ्यावर, खारफुटीच्या पट्ट्यात त्याचा उपयोगही नाही. पण वार्षिक मोजणी सर्वांना जमण्यासारखी आहे.

ती जमण्यासारखी आहे याचे कारण मोजणीचा खर्च गेल्या काही वर्षांत कमालीचा उतरला आहे. लँडसॅट उपग्रहांची चित्रे २००८ पासून सर्वांना मोफत मिळतात. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची दहा मीटर बारकाव्याची चित्रे काही दिवसांच्या अंतराने येतात. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी भूविज्ञान संस्थेने लँडसॅटच्या साठ्यातून १९८८ पासून प्रत्येक वर्षाची किनारारेषा काढून ती सर्वांसाठी खुली ठेवली आहे. ही रेषा दहा-वीस मीटरच्या चुकीची असू शकते, म्हणून एखाद्या घराचा निवाडा तिच्यावर करता येणार नाही. मात्र किनारा कुठे हलतो आहे आणि कुठे महागडी, बारीक मोजणी तातडीने करायला हवी, एवढे ती निश्चित सांगते. जिथे मोफत चित्रे पुरेशी हालचाल दाखवत नाहीत तिथे मुदत दहा वर्षांची ठेवा. जिथे किनारा वर्षाला मीटरभर मागे जातो तिथे ती दोन वर्षांची असू द्या. मोठा धक्का, भराव किंवा वादळ झाल्यावर जुनी रेषा आपोआप बाद होऊ द्या. एकच मुदत सर्वत्र लावण्याची गरज नाही.

यासाठी एक अट आवश्यक आहे: रेषेमागचे आकडे लोकांच्या हाती पडले पाहिजेत. केवळ छापील नकाशाचे चित्र पुरेसे नाही. उंचीची मूळ नोंद, भरतीच्या नोंदींचा कालखंड, वापरलेले शून्य, चुकीची मर्यादा हे सारे अशा रूपात हवे की दुसरा भूमापक तीच रेषा पुन्हा काढून पाहू शकेल. किनाऱ्याच्या बाबतीत यावर सुरक्षेचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. भारताने फेब्रुवारी २०२१ मध्ये भूस्थानिक माहितीबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढून बहुतांश नकाशांसाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली, त्यानंतर हा मुद्दा पूर्वीइतका बळकट राहिलेला नाही. नाविक तळाच्या आसपासचा तुकडा झाकून ठेवायचा तर ठेवावा. पण त्याच्या आडून शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर गावकऱ्यांना त्यांच्याच अंगणातून जाणाऱ्या रेषेचा हिशेब नाकारणे समर्थनीय नाही.

व्यवहारात याची सुरुवात फार मोठ्या सुधारणेने व्हायला हवी असे नाही. किनारी व्यवस्थापनाच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण आणि उत्तर दिशा छापलेली असतात, त्यांच्याच शेजारी मोजणीची तारीख, चुकीची मर्यादा मीटरमध्ये आणि बाद होण्याचा दिवस छापण्याची सक्ती करता येईल, आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने आदेशात ते तिन्ही आकडे उतरवलेच पाहिजेत असा नियम करता येईल. तसे झाले तर एखादी जागा भरतीरेषेपासून ५२ मीटरवर असल्याने बांधकामास हरकत नाही असा आदेश काढताना त्याच कागदावर चुकीची मर्यादा पंधरा मीटर असल्याचे आणि मोजणी अकरा वर्षांपूर्वीची असल्याचेही लिहावे लागेल, आणि त्याखाली कुणाला तरी सही करावी लागेल.